चित्राशेजारच्या पट्टीवरची शेवटची ओळ कोणी वाचतं का?

सांदीकोपरा (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात एका सार्वजनिक कलादालनात 'संग्रहातील नवीन कलाकृती' असं प्रदर्शन पाहिलं. गेल्या तीन वर्षांत दालनाने जे विकत घेतलं आणि जे भेट म्हणून आलं, ते सगळं एकत्र मांडलेलं. अशा प्रदर्शनाला विषय नसतो. लोखंडाच्या कापट्यांचं शिल्प, शेजारी पेन्सिलीचं हळवं रेखाटन, पलीकडे अंधाऱ्या खोलीत चालू असलेला व्हिडिओ. एकमेकांशी बोलत नाहीत बिचारे. बाजारातून आलेली पिशवी ओट्यावर रिकामी करावी तसं.

पहिली फेरी नेहमीसारखी झाली. काही आवडलं, काही डोक्यावरून गेलं, एका ठिकाणी पाय दुखायला लागले म्हणून बाकावर बसले. समोरच एक पट्टी होती. चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, माध्यम, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'कलाकाराकडून भेट' आणि एक क्रमांक. ही ओळ मी आयुष्यात कधी वाचली नव्हती. मग उठले आणि पूर्ण प्रदर्शन पुन्हा पाहिलं, फक्त शेवटच्या ओळी वाचत. चित्रांकडे मान वरसुद्धा केली नाही, पहारेकरी संशयाने बघायला लागला.

दुसरं प्रदर्शनच पाहिलं म्हणा ना. भिंतभर मोठी, नावाजलेल्यांची चित्रं बहुतेक सगळी 'भेट'. 'खरेदी' लिहिलेलं होतं ते कागदावरचं काम, छायाचित्रं, व्हिडिओ, आणि मी कधी नाव न ऐकलेल्या तरुण लोकांचं. एका व्हिडिओखाली 'आवृत्ती: ५ पैकी ३, शिवाय कलाकाराच्या २ प्रती'. एका भिंतीवर थेट पेन्सिलीने काढलेल्या रेघा होत्या, तिथे 'सूचनापत्र व दाखला, खरेदी'. म्हणजे त्यांनी नक्की काय विकत घेतलं? भिंत तर त्यांचीच होती! आणि शेवटच्या खोलीत कापडाचं एक प्रचंड शिल्प, छतापासून लोंबणारं, प्रदर्शनातलं सगळ्यात देखणं. त्याच्या पट्टीवर शेवटची ओळच नाही. ना खरेदी, ना भेट, ना क्रमांक.

कोणाला या ओळींची भाषा कळते का? आणि ती कापडी बाई (मला ती बाईच वाटली) कोणाची?

---

मधलीसुट्टी

वाचते ना. किंमत लिहिली आहे का बघायला. कधीच नसते.

---

खडूस_काका

कळण्यासारखं काय आहे त्यात? 'भेट' म्हणजे कोणाच्या तरी घरात जागा उरली नाही. 'खरेदी' म्हणजे तुमच्या आमच्या खिशातून. मला कलेचं वावडं नाही, पण सार्वजनिक पैशाने घ्यायचं तर निदान सामान्य माणसाला बघून काहीतरी वाटायला हवं. लंडनच्या टेट गॅलरीने १९७२ मध्ये १२० विटा विकत घेतल्या होत्या. विटा! दोन थर, आयताकृती रचलेल्या. तेव्हा निदान वर्तमानपत्रांनी त्यांची सालं काढली. आता कोणी तेवढंही करत नाही.

---

टर्पेंटाइन

काका, विटांचा किस्सा सांगताय तर पूर्ण सांगा. काम कार्ल आंद्रेचं, नाव 'इक्विव्हॅलंट ८'. मूळ १९६६ चं. अशा आठ रचना होत्या, प्रत्येकीत १२० विटा, रचनेचा आकार वेगळा पण घनफळ तेवढंच. त्यातली एकही विकली गेली नाही, म्हणून आंद्रेने विटा परत करून टाकल्या. पुढे टेटने विचारलं तेव्हा त्या जातीच्या विटा बनवणारा कारखानाच बंद पडलेला. मग भट्टीच्या आतून लावतात तसल्या उष्णता सोसणाऱ्या विटा आणून पुन्हा केलं.

आणि सालं काढली ती १९७२ मध्ये नाहीत. चार वर्षं कोणी हूं की चूं केलं नाही. १९७६ मध्ये एका वर्तमानपत्रात टेटच्या नव्या खरेदीवर लेख आला, सोबत त्या विटांचा फोटो, आणि मग भडका उडाला. एकाने तर जाऊन त्यावर निळा रंग ओतला. म्हणजे लोक कलेवर चिडले की 'खरेदी' या शब्दावर, याचा विचार करा. त्याच विटा कोणी फुकट दिल्या असत्या तर तुम्हाला हा किस्सा माहीत असता का?

(विटा मला स्वतःला फारशा आवडत नाहीत. पण आठ वेगवेगळे आकार आणि घनफळ एकच, हे समजल्यावर आठही एकत्र बघाव्याशा वाटल्या. एकच घेणं हा मात्र अर्धवटपणा झाला.)

---

खडूस_काका

फुकट असत्या तर बोललो नसतो, बरोबर. त्यात चूक काय? दुसऱ्याने स्वतःच्या पैशाने काय रचावं हा त्याचा प्रश्न.

---

गणितमास्तर

मला त्या क्रमांकात रस आहे. सांदीकोपरा, एखादा नमुना टाका ना.

---

सांदीकोपरा

फोटोत बघून सांगते… एक २०२२.१४.३ असा आहे. दुसरा २०२२.१४.४, त्याच छायाचित्रकाराचा. एक नुसताच २०२३.७.

---

नोंदवही

बऱ्याच वर्षांनी लॉग-इन केलं, ते या धाग्यासाठी. मी एका संग्रहालयात दाखल-नोंदीच्या कामावर अनेक वर्षं होते. ग्रंथालयात पुस्तकावर जसा दाखल क्रमांक पडतो, तोच हा प्रकार. २०२२ हे साल, १४ म्हणजे त्या वर्षातला चौदावा व्यवहार, ३ म्हणजे त्या व्यवहारातली तिसरी वस्तू. २०२३.७ म्हणजे सातव्या व्यवहारात एकच वस्तू आली. सगळीकडे हीच पद्धत असेल असं नाही, पण फार ठिकाणी असते. म्हणजे मास्तर, वर्षातला सगळ्यात मोठा मधला आकडा सापडला की त्या वर्षी दालनाने निदान किती व्यवहार केले ते कळतं. वार्षिक अहवालाची वाट बघायला नको.

क्रमांक पडणं ही गोष्ट लहान नाही. तो पडेपर्यंत वस्तू पाहुणी असते. आधी क्युरेटर, म्हणजे संग्रहासाठी कामं निवडणारा, प्रस्ताव लिहितो: हेच काम का, आत्ताच का, आपल्या संग्रहात काय आहे आणि काय नाही, किंमत रास्त आहे का, वस्तूची मालकी निर्विवाद आहे का. तो समितीपुढे जातो. समिती निम्मे प्रश्न किंमतीचे विचारते. आमच्यासारखे मागच्या रांगेतले लोक मात्र वेगळेच प्रश्न घेऊन बसलेले असतात: दारातून आत येईल का? वजन जमीन पेलेल का? यात केस, पिसं, लाकूड, धान्य असलं काही आहे का?

शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण एका कापडी कामाबरोबर आलेली कसर अख्खं कोठार खाऊ शकते. म्हणून नवीन वस्तू आधी वेगळ्या खोलीत राहते. कापड किंवा लाकूड असेल आणि शंका असेल तर नीट गुंडाळून उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस गोठवतात, कीड आणि अंडी दोन्ही मरतात. अर्थात सगळ्याच वस्तूंना ते सोसत नाही. मग स्थितीचा अहवाल: कुठे ओरखडा, कुठे रंगाचा पोपडा, सगळं फोटोसकट. पुढे पन्नास वर्षांनी कोणी विचारलं की हा डाग कधीचा, तर उत्तर त्या कागदात असतं. सगळ्यात शेवटी क्रमांक. तोही वस्तूवर अशा ठिकाणी आणि अशा शाईने लिहायचा की दिसू नये, पुसता यावा, पण आपोआप पुसू नये. हे लिहिताना माझा हात पहिल्या वर्षी थरथरायचा.

व्हिडिओच्या आवृत्तीचं: छापचित्रांसारखंच आहे. कलाकार ठरवतो की या व्हिडिओच्या पाचच प्रती विकणार, दोन स्वतःकडे ठेवणार. दालनाने तिसरी घेतली. फाइल कितीही वेळा उतरवता येते हो, पण घेतलेली असते ती दाखवण्याची परवानगी आणि जपण्याची जबाबदारी. चांगल्या करारात हे लिहिलेलं असतं की दालनाने जतनासाठी फाइलच्या किती प्रती ठेवायच्या, उद्या तो प्रकार चालेनासा झाला तर नव्यात बदलायची मुभा आहे का, पडद्यावर दाखवायचं की जुन्या डब्बा टीव्हीवरच.

आणि बारीक अक्षराबद्दल सांगायचं तर त्या ओळीतला प्रत्येक शब्द देणगीदाराशी पत्रव्यवहार करून ठरलेला असतो. 'यांच्या स्मरणार्थ' की 'यांच्या सौजन्याने' यावर चार-चार महिने गेलेले पाहिलेत.

---

गणितमास्तर

वा! म्हणजे एखाद्या वर्षात पहिल्या नऊ महिन्यांत ५ व्यवहार आणि मार्चअखेरीला १५ असं असेल तर तेही त्या क्रमांकांतून कळेल. :)

---

नोंदवही

मास्तर, तारखा पट्टीवर छापत नाहीत यामागे काही कारण असेलच की.

---

चिवचिव

आमच्या शाळेच्या मुलांना घेऊन मी अशाच एका प्रदर्शनाला गेले होते, सातवीची तुकडी. अंधाऱ्या खोलीत रेखाटनं होती. एक मुलगा म्हणाला, "बाई, यांना लाइट परवडत नाही का?" हसू आलं पण उत्तर येईना. तिथल्या पहारेकरी मावशींनी सांगितलं, कागदाला उन्हासारखा दिवापण लागतो. तेवढं पुरलं त्याला.

---

नोंदवही

मावशींना माझा नमस्कार सांगा. कागद, कापड, जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश पडू देत नाहीत, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, चित्र अंधारात ठेवल्याने भरून येत नाही. म्हणून कागदावरचं काम काही महिने दाखवलं की काही वर्षं पेटीत. नवीन खरेदीचं प्रदर्शन बघून घ्या म्हणते ते यासाठीच. त्यातली कित्येक कामं पुन्हा कधी बाहेर येतील सांगता येत नाही.

---

टर्पेंटाइन

हे वाचून जरा टोचलं. अकरा वर्षांपूर्वी एका सार्वजनिक संग्रहाने माझं एक चित्र घेतलं. बाहेर ज्या भावाने गेलं असतं त्याहून कमी किंमतीला दिलं, सगळेच देतात, 'संग्रहात आहे' हे बायोडेटात लिहिता येतं ना. पैसे नवव्या महिन्यात आले. नवीन खरेदीच्या प्रदर्शनात ते टांगलं होतं. सहा आठवडे. आईला घेऊन गेलो होतो, ती चित्राकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त बघत होती.

त्यानंतर ते भिंतीवर आलेलं नाही. एकदा पत्र लिहून विचारलं की बघायला येऊ का. उत्तर आलं, कोठारात प्रवेश फक्त अभ्यासकांना. मी म्हटलं, मी त्या चित्राचा बऱ्यापैकी अभ्यास केलेला आहे.

खाजगी माणसाने घेतलं असतं तर त्याच्या दिवाणखान्यात रोज चारजणांनी तरी पाहिलं असतं. तरीही पुन्हा विचारलं तर देईन. हे का, ते मला नीट सांगता येत नाही.

---

मधलीसुट्टी

"बऱ्यापैकी अभ्यास" 😂 आणि मग वाईट वाटलं.

---

खडूस_काका

आता बघा! हाच माझा मुद्दा. दाखवायचं नाही तर घ्यायचं कशाला? जनतेचे पैसे, आणि माल कुलपात.

---

नोंदवही

काका, मोठ्या संग्रहांत एका वेळी भिंतीवर असतो तो अगदी लहान हिस्सा. हे लाजिरवाणं आहे असं आता खुद्द संग्रहालयांनाही वाटायला लागलंय. रॉटरडॅमच्या बॉयमन्स फान ब्युनिंगेन संग्रहालयाने २०२१ मध्ये कोठारच लोकांना खुलं केलं, दीड लाखाच्या वर वस्तू, आरशाच्या भिंतींची वाटोळी इमारत. तिथे चित्रांची मांडणी घराण्याने किंवा काळाने नाही, तर कोणाला किती दमट आणि किती गार हवा लागते त्यावर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने २०२५ मध्ये असंच खुलं कोठार सुरू केलं. तिथे आधी वेळ घेऊन तुम्ही एखादी वस्तू मागवू शकता आणि ती तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. अभ्यासक असण्याची अट नाही. टर्पेंटाइन, असं सगळीकडे होवो.

---

रात्रपाळी

धागा उशिरा पाहिला. काकांचा प्रश्न गेला कुठे? कोण ठरवतं, आणि लोकांना कळतं का?

मला ऑस्ट्रेलियाची गोष्ट आठवते. १९७३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय दालनासाठी जॅक्सन पोलॉकचं 'ब्लू पोल्स' घ्यायचं ठरलं, १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला. दालनाची इमारतसुद्धा तेव्हा नव्हती, ती उघडली १९८२ मध्ये. संचालकांचा अधिकार १० लाखांपर्यंत, म्हणून कागद थेट पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे गेला. त्यांनी मंजुरी दिली आणि वर शेरा मारला की किंमत जाहीर करा. झालं! दारू पिऊन रंग सांडलेत, मुलांनी केलंय, असलं सगळं छापून आलं. पण आकडा लपवला नव्हता, त्यामुळे भांडण चित्रावर झालं. लपवला असता तर लपवण्यावर झालं असतं. आज ते चित्र त्या दालनाची ओळख आहे.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय दालनाने १९८९ मध्ये बार्नेट न्यूमनचं 'व्हॉइस ऑफ फायर' घेतलं. साडेपाच मीटरच्या आसपास उंच, तीन उभे पट्टे, निळा-लाल-निळा. किंमत साडेसतरा लाख कॅनेडियन डॉलरच्या वर. एका शेतकऱ्याने प्लायवूडवर तसंच चित्र रंगवून अंगणात उभं केलं आणि नाव दिलं 'करदात्याचा आवाज'. मला तो माणूस फार आवडतो. टीका करण्यासाठी का होईना, एवढे मोठे पट्टे रंगवायला बसलं की काहीतरी कळत असणार.

---

खडूस_काका

पंतप्रधानाचा शेरा आवडला. पट्टीवर किंमत लिहा, मग दाखवा काय हवं ते. मी भांडणार नाही. म्हणजे भांडेन, पण चित्राशी भांडेन.

---

टर्पेंटाइन

किंमत लिहिली तर लोक चित्र बघणारच नाहीत, आकडा बघून पुढे जातील. मधलीसुट्टीने वर कबूलच केलंय. :) वार्षिक अहवालात छापा, पट्टीवर नको.

आणि थांबून घ्यावं, काळाच्या कसोटीला उतरलेलंच घ्यावं असं म्हणणाऱ्यांसाठी. पॅरिसमध्ये हयात कलाकारांसाठी वेगळं सरकारी संग्रहालय होतं, लक्झेंबर्ग, १८१८ पासून. कल्पना अशी की इथे आधी राहायचं, मेल्यावर काही वर्षांनी लायक ठरलात तर लुव्रमध्ये जायचं. शहाणपणाची वाटते ना? पण चित्रकार माने मेल्यावर सहा-सात वर्षं झाली तरी त्याचं 'ऑलिंपिया' सरकारने घेतलं नव्हतं. शेवटी दुसऱ्या चित्रकाराने, मोनेने, दारोदार वर्गणी काढली, २०,००० फ्रँकच्या आसपास जमवले, आणि १८९० मध्ये चित्र सरकारला फुकट दिलं. लुव्रमध्ये जायला त्याला १९०७ उजाडलं. कायबोत या चित्रकाराने १८९४ मध्ये मृत्युपत्राने आपला सगळा इम्प्रेशनिस्ट (मोने वगैरे मंडळींचा) संग्रह देऊ केला तर सरकारने घासाघीस करून साठाहून अधिक कामांतली साधारण ४० घेतली. फुकट होतं हो, काका! फुकट असूनही नको होतं.

---

खडूस_काका

म्हणजे फुकटवालेही निवडतात. हे मला माहीत नव्हतं.

---

नोंदवही

फुकट काही नसतं. भेट आलेल्या वस्तूलाही जागा, विमा, माणूस, हवा लागते, कायमची. आम्ही जेवढं घ्यायचो त्याहून जास्त नाकारायचो. नाकारण्याची पत्रं लिहिणं हे वेगळंच कौशल्य आहे, त्यात मी तयार होते.

---

मधलीसुट्टी

एवढे प्रतिसाद झाले आणि केळं अजून आलं नाही? मी सोडते मग. भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं, कॅटेलान, २०१९. बोला.

---

गणितमास्तर

आलंच शेवटी. 🙏

---

नोंदवही

हसा, पण सांदीकोपरा यांच्या पेन्सिलीच्या भिंतीचं उत्तर त्या केळ्यातच आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाकडे २०२० मध्ये त्याची एक प्रत भेट म्हणून आली. आलं काय? दाखला आणि सूचना. जमिनीपासून १७५ सेंटिमीटरवर लावा, अमुक दिवसांनी बदला. केळं त्यांनी आपलं आपण आणायचं. संग्रहपालाच्या दृष्टीने इतकं सोयीचं काम नाही, कोठारात एक फाइल.

सोल ल्युइट या कलाकाराने हे अर्धशतकापूर्वीच केलेलं. त्याची भिंतीवरची रेखाटनं म्हणजे सूचना, त्या वाचून दुसरी माणसं काढतात. प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकायची. काम नष्ट होत नाही, कारण काम भिंतीवर नव्हतंच. तुम्ही पाहिलेल्या रेघांचं तसंच असणार.

टिनो सेगल त्याच्याही पुढे गेला. त्याची कामं म्हणजे माणसांनी करायच्या हालचाली, संवाद. तो कागदच देत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचं 'किस' घेतलं तेव्हा सगळा व्यवहार तोंडी, नोटरीसमोर. फोटो काढायचे नाहीत, लिहून ठेवायचं नाही. म्हणजे संग्रहालयातल्या काही माणसांच्या लक्षात आहे तोवरच ते काम संग्रहात आहे. मला याची रात्री भीती वाटते. ज्यांना माहीत आहे ते निवृत्त झाले तर?

---

चिवचिव

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचं गोळ्यांचं काम कोणी प्रत्यक्ष पाहिलंय? कोपऱ्यात चकचकीत कागदातल्या गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे ८० किलोच्या जरा आत. बघणाऱ्याने एक उचलायची. ढीग कमी होतो, पुन्हा भरतात. त्याचा जोडीदार रॉस १९९१ मध्ये एड्सने गेला, त्या वर्षाचं काम. मी हे वर्गात नुसतं वर्णन करून सांगितलं. नेहमी मागच्या बाकावर गोंधळ घालणारा एकजण म्हणाला, "मग बाई, शेवटची गोळी कोणी घ्यायची?" वर्ग गप्प. संग्रहालय ढीग पुन्हा भरत राहतं, म्हणून शेवटची गोळी कधी येतच नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता हा धागा वाचताना सुचलं.

---

रात्रपाळी

वा, चिवचिव.

---

नोंदवही

पण दालनाला 'कायम' हा शब्द पेलतोच असं नाही. एव्हा हेसचं १९६९ चं 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' घ्या, लेटेक्समध्ये (पातळ रबरात) भिजवलेलं कापड आणि फायबरग्लासचे खांब, गुगेनहाइमकडे आहे. लेटेक्स म्हातारं झालं, कडक आणि ठिसूळ, कित्येक दशकं दाखवताच येईना. खूप खटाटोपाने डागडुजी करून २०२२ मध्ये पुन्हा मांडलं. पहिल्यासारखं लवचीक आता ते कधीच होणार नाही. डॅन फ्लेविनच्या कामात बाजारातल्या साध्या ट्यूबलाइट आहेत, त्याच आता बनेनाशा होत चालल्यात. नाम जून पाइकचे डब्बा टीव्ही एकेक करून मरतायत.

म्हणून आता खरेदीच्या वेळीच कलाकाराला बसवून विचारतात: हे बिघडलं तर काय करू? तसंच जपून ठेवू, दिसायला तसं नवं काहीतरी बसवू, नव्या तंत्रात उतरवू, की तुमचा हेतू धरून नव्यानेच घडवू? एका तरुण मूर्तिकाराने मला उत्तर दिलं होतं, "मॅडम, मला वाटलं नव्हतं कोणी विचारेल." मग दोन तास बोलत होता.

---

खडूस_काका

तर घेणं स्वस्त आणि पोसणं महाग. मग नको झालेलं विका की! गोदामात कुजवण्यापेक्षा.

---

रात्रपाळी

विकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१९ मध्ये नावाजलेला चित्रकार रॉथको याचं एक चित्र लिलावात काढलं, पाच कोटी डॉलरच्या वर आले. त्या पैशातून स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि आजवर दुर्लक्षित राहिलेल्या कलाकारांची कामं घेतली. एका रॉथकोत दहा-अकरा नवी कामं. काहींना हा न्याय वाटला, काहींना घरचे दागिने मोडणं. मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांच्याकडे दुसरे रॉथको होते हेही खरं.

---

टर्पेंटाइन

मी ठरवलंय. विकू नये. आज समितीला जे फालतू वाटतं त्यावर पुढच्या पिढीचा हक्क आहे, वर कायबोतचं सांगितलंच. एकदा दार उघडलं की छप्पर गळतंय म्हणूनही चित्रं विकतील.

(आणि हो, माझंही पहिल्या फटक्यात जाईल, ही भीती आहेच. लपवत नाही.)

---

खडूस_काका

तुमचं चित्र विकायला काढलं तर मला कळवा. बघू तरी काय आहे ते.

---

टर्पेंटाइन

काका 😄 नक्की.

---

सांदीकोपरा

इतकं छान लिहिलंत सगळ्यांनी की काल पुन्हा गेले. मुद्दाम त्या कापडी बाईसाठी. पहारेकऱ्याने ओळखलं, "आज चित्रं बघणार का?" म्हणाला.

पट्टीवर अजून काही नाही. मग काउंटरवर विचारलं, त्यांनी आत फोन केला, एक तरुण मुलगी वही घेऊन आली. ती म्हणाली, हे काम अजून संग्रहात नाही. एका संग्राहकाने द्यायचं कबूल केलंय, कागदपत्रं व्हायची आहेत, म्हणून दाखल क्रमांक नाही. मी विचारलं, मग नवीन संग्रहाच्या प्रदर्शनात कसं? तर म्हणाली, जागा होती आणि क्युरेटरना फार आवडलंय. प्रामाणिक वाटली.

नोंदवही, असं करतात का?

---

नोंदवही

करतात. 'कबूल केलेली देणगी' असा शब्द असतो, तो पट्टीवर स्पष्ट छापायला हवा होता. न छापण्यात दोन घोटाळे संभवतात. एक, तुमच्यासारख्यांना वाटतं हे आपलं झालं. दुसरा जास्त नाजूक आहे: सार्वजनिक दालनात टांगलं गेलं की कामाचा भाव वाढतो. देणाऱ्याने उद्या मन बदललं आणि ते विकायला काढलं, तर वाढलेला भाव त्याच्या खिशात आणि भिंत, दिवे, विमा, पहारेकरी आपले. बहुतेक जण शब्द पाळतात, हेही सांगते. मी मात्र सही झाल्याशिवाय खिळा ठोकू देत नसे, त्यावरून माझ्याशी बरेच क्युरेटर भांडले.

त्या मुलीला विचारा, कीड तपासली का. कापड आहे, छतापासून लोंबतंय, आणि दाखल झालेलं नाही म्हणजे वेगळ्या खोलीतून आलं की थेट भिंतीवर गेलं ते बघायला हवं.

---

खडूस_काका

हे बघा! मी पहिल्यापासून सांगत होतो की फुकटच्या मालावर नजर ठेवा.

---

मधलीसुट्टी

काका, तुम्ही पहिल्यापासून बरोब्बर उलटं सांगत होता. वर जाऊन वाचा.

---

खडूस_काका

वाचलं. ठीक आहे. हे प्रदर्शन कधीपर्यंत आहे?

---

सांदीकोपरा

महिनाअखेरपर्यंत. सोमवारी बंद. पहारेकऱ्याला सांगा, पट्ट्या वाचणाऱ्या बाईंनी पाठवलंय.